पावाचे लोणी: आत किती, वर किती?

शिरोड्यात सकाळ होते ती पाववाल्याच्या भोंग्याने. पूर्वी सगळेच सायकलवरून यायचे, हल्ली काही स्कूटरवरून येतात. पण मागची टोपली, तिच्यावर बांधलेले प्लास्टिक आणि तो 'पों पों' भोंगा तोच. रेडी ओलांडली की तेरेखोल, म्हणजे गोवाच. त्यामुळे पावाच्या बाबतीत आम्ही वेंगुर्ले तालुक्यातली माणसे निम्मी गोंयकारच म्हणायची! गव्हाचा भट्टीतला पाव पोर्तुगीजांनी इकडे आणला, 'पाव' हा शब्दही त्यांचाच. पूर्वी पोदेर माडाच्या सुरेने पीठ आंबवीत, आता यीस्ट वापरतात. बाकी उंडा असो, कांकण असो की कोंड्याची पोई, मूळ रीत साधीच: पीठ, पाणी, मीठ, आंबवण, फार तर चिमूटभर साखर. लोणी नाही, तूप नाही, तेल नाही.

हा पाव सकाळी चहाबरोबर किंवा उसळीबरोबर खावा. संध्याकाळी मात्र तो हातात घेतला की नकोसा होतो. आणि इथेच आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या मनात येते, की घरी ओव्हन आहे, यीस्टची पाकिटे वाण्याकडे मिळतात, मग आपणच का करू नये? चांगले भरपूर लोणी घालू, म्हणजे दोन दिवस मऊ राहील!

कल्पना वाईट नाही. पण त्या 'भरपूर' शब्दापाशी घोटाळा होतो. आमच्या शेजारच्या वयनींनी गेल्या गणपतीच्या आधी हौसेने पाव केला. अर्धा किलो मैद्याला वाटीभर लोणी कडकडीत करून घातले, नीट चोळले, मग यीस्ट आणि पाणी घालून मळले. ओव्हनमधून निघाला तो पाव तळहाताएवढ्या उंचीचा, जड आणि भुसभुशीत. सासूबाईंनी एक तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "ह्यो पाव नाय गो, फातर!" वयनींना वाईट वाटले ते बोलण्याचे नव्हे, वाटीभर घरचे लोणी, अर्धा किलो मैदा आणि अख्खी दुपार फुकट गेली त्याचे. घरखर्च पै-पैचा हिशेब करून चालवणाऱ्या बाईला हे लागतेच.

करंजीची रीत की पुरणपोळीची?

वयनींनी काय केले ते आपल्याला ओळखीचे आहे. त्यांनी पिठाला मोहन घातले! करंजी, शंकरपाळे, चिरोटे यांना आपण हेच करतो. कोरड्या पिठात कडकडीत तूप घालायचे, मूठ वळेपर्यंत चोळायचे, मग पाणी. कशासाठी? खुसखुशीत व्हावे म्हणून. गव्हाच्या पिठात जी प्रथिने असतात ती पाणी मिळाले आणि मळले की एकमेकांना धरतात आणि त्यांचे चिवट जाळे तयार होते. त्याला ग्लूटेन म्हणतात. तुपाने पिठाचा कण आधीच माखला तर पाणी त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, जाळे तुटके राहते आणि करंजी दाताखाली खुळकन मोडते.

पावाला मात्र हेच जाळे हवे असते. यीस्टने तयार केलेला वायू त्यात अडकतो, म्हणून पाव फुगतो. जाळेच तुटके असेल तर वायू निसटून जातो आणि मागे राहते ते नानकटाई आणि भाकरी यांच्या मधले काहीतरी.

आता पुरणपोळीची कणीक आठवा. तिथे आपण उलट करतो. आधी पाण्याने सैलसर भिजवायची, तास-दोन तास ठेवायची, आणि मग तेल घालघालून तिंबायची. तार येईपर्यंत. इथे जाळे आधी तयार झालेले असते. तेल त्याच्या धाग्यांमध्ये शिरते, धागे एकमेकांवरून घसरतात, म्हणून कणीक फाटत नाही, नुसती ताणत जाते. पावाची रीत ही पुरणपोळीची आहे, करंजीची नाही. एवढे एक लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

तेव्हा पीठ, यीस्ट, साखर, मीठ आणि पाणी एवढ्यावर आधी दहा मिनिटे चांगले मळावे. गोळा गुळगुळीत झाला, त्याचा छोटा तुकडा दोन्ही हातांनी ताणल्यावर लगेच तुटेनासा झाला, की मग लोणी किंवा बटर घ्यावे आणि बोराएवढे तुकडे करून एक एक आत दाबत पुन्हा आठ-दहा मिनिटे मळावे. पहिल्यांदा गोळा घसरडा होईल, सुटून तुकडे पडल्यासारखे वाटेल, हात बरबटतील. घाबरून वर सुके पीठ भुरभुरू नका! मळत राहा. पाच मिनिटांत सगळे लोणी आत जिरते आणि गोळा रेशमासारखा होतो.

किती घालायचे?

अर्धा किलो मैद्याला २५ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे. बस्स. पिठाच्या शंभर भागांना पाच भाग हे प्रमाण झाले. इतक्याने पाव मऊ होतो, कापताना चुरा पडत नाही, आणि बिनलोण्याच्या पावापेक्षा थोडा जास्तच फुगतो. त्याचे कारणही मजेदार आहे. घट्ट लोण्याचे बारीक कण पिठातल्या बुडबुड्यांच्या कडेला जाऊन बसतात आणि त्यांना फुटू देत नाहीत. भट्टीच्या उष्णतेने ते वितळतात तोवर पावाने आकार धरलेला असतो. तेलाला हे तितकेसे जमत नाही, म्हणून तेलाचा पाव मऊ झाला तरी किंचित कमी उंचीचा होतो.

दुप्पट घातले तर पाव दुप्पट मऊ होत नाही. ५० ग्रॅमपर्यंत बनसारखा दाट आणि मुलायम लागतो, मुलांना आवडतो. त्याच्या पुढे मात्र लोण्याचा भारच पिठाला पेलत नाही आणि यीस्टचे कामही मंदावते. फ्रान्समध्ये ब्रिओश नावाचा पाव करतात, त्यात पिठाच्या निम्मे किंवा त्याहून जास्त लोणी असते हे खरे; पण त्यात अंडी असतात, पीठ थंड ठेवावे लागते आणि मळायला यंत्र लागते. तो सणाचा पदार्थ. त्याच फ्रान्सचा रोजचा लांबोडका बागेत पाव बघा: पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, की संपले. १९९३ साली तिथल्या सरकारने पारंपरिक पाव कशाला म्हणावे याचा नियमच केला, आणि २०२२ साली बागेत पावाची कला युनेस्कोच्या यादीत गेली. आमच्या पोदेराचा उंडा काय वेगळा आहे हो? यादीत नाही, एवढेच!

एक हिशेब सांगते. २५ ग्रॅम बटरमध्ये स्निग्धांश साधारण २० ग्रॅम, बाकी बरेचसे पाणी. अर्धा किलो मैद्याचे चौदा पाव होतात. म्हणजे एका पावात जेमतेम दीड ग्रॅम. आणि आपण त्याच पावाला मोठा चमचाभर बटर फासतो तेव्हा एका घासाच्या हौसेला दहा-बारा ग्रॅम पोटात जाते! घरात कोणाला डॉक्टरांनी तूप-लोणी कमी करायला सांगितले असेल तर हात आखडायचा तो पाव मळताना नव्हे, तर चहाच्या वेळी. उलट असेही पाहा, की लोण्याची खरी चव जिभेला कळते ती वर लावलेल्या लोण्याची. इराण्याच्या हॉटेलातला ब्रून-मस्का आठवा. आत घातलेल्या लोण्याचे काम पाव मऊ करण्याचे. चवीचे काम बाहेरच्याने करावे. महागाचे घरचे लोणी असेल तर ते वर लावण्यासाठी राखून ठेवावे आणि आत साधे तेल घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोणी, तूप, तेल, नारळ

दुकानचे बटर वापरत असाल तर त्यात मीठ असते. अर्धा किलोला २५ ग्रॅमच घालत असल्यामुळे पिठातले मीठ चिमूटभर कमी केले की पुरे. मिठाचे निघालेच आहे म्हणून सांगते. शिरोड्याच्या मिठागरांचे नाव १९३० च्या मे महिन्यात झालेल्या सत्याग्रहाने सगळीकडे गेले. आमच्या भागात खडे मीठ वापरायची सवय जुनी. पण खडे मीठ चमच्याने मोजले तर प्रमाण चुकते, कारण खड्यांच्या मध्ये पोकळी राहते, आणि पावसाळ्यात ते पाणीही धरते. ते वजन करून, आधी पाण्यात विरघळवून घालावे. अर्धा किलो मैद्याला ९ ते १० ग्रॅम.

घरचे लोणी ताजे आणि चांगले धुतलेले हवे. थंड पाण्यातून तीन-चार वेळा, पाणी नितळ निघेपर्यंत धुवावे आणि तळव्यात दाबून पाणी काढावे. तरी त्यात बटरपेक्षा पाणी जास्तच राहते, म्हणून २५ ऐवजी ३० ग्रॅम घ्यावे. आठवडाभर साठवलेले, वास लागलेले लोणी पावात लपून जाईल असे समजू नका. पाव गरम असताना तोच वास पहिल्यांदा नाकात शिरतो! त्याचे तूप कढवावे हे बरे.

तूप जवळजवळ शंभर टक्के स्निग्ध, त्यात पाणी नाही. म्हणून बटर २५ ग्रॅम तर तूप २० ग्रॅम, आणि मळताना चमचाभर पाणी जास्त. तूप पातळ करून ओतू नये. थिजलेले, रवाळ, मऊ असे घालावे.

शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलाचा वास पावाला येतो. कोणाला आवडतो, मला नाही. सूर्यफुलाचे किंवा दुसरे कोणतेही बिनवासाचे तेल २० ग्रॅम, म्हणजे दीड मोठा चमचा, चालते. तेल मात्र एकदम ओतले तर गोळा घसरत राहतो. थोडे थोडे हाताला लावत मळावे.

आमच्याकडे खोबरेलाची गोष्ट वेगळी. ते साधारण २४ अंशांखाली थिजते. पुण्या-नाशिकच्या थंडीत ते लोण्यासारखे घट्ट मिळेल, शिरोड्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सोडल्या तर ते बाटलीत पातळच असते. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात ते तेलासारखे वागते, लोण्यासारखे नाही. गोड बनांना, गूळ-वेलची घातलेल्या पावाला त्याचा वास फार छान लागतो. मसाल्याच्या उसळीबरोबर खायच्या पावालाही कोकणातल्या जिभेला तो खटकत नाही, देशावरच्या पाहुण्यांना खटकेल. त्याहून मला आवडतो तो नारळाच्या दुधाचा पाव: पाण्यातली अर्धी वाटी कमी करून तेवढे पहिले दाट दूध घालायचे. मग लोणी-तेल काहीच नको, स्निग्धांश त्या दुधातच पुरेसा असतो.

कोकमाच्या बियांचे मुठेल खाण्याचेच तेल आहे, मग पावात का नको, असे कुणी विचारील. नको. ते अंगाच्या उष्णतेलाही जेमतेम वितळते, तोंडात मेणचट लागते. ते टाचांच्या भेगांसाठीच ठेवू या.

म्हशीच्या दुधात पीठ भिजवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. त्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. ३०० मिली न तापवता, साय न काढता घेतले तर त्यातूनच अठरा-वीस ग्रॅम आत जाते. वर आणखी दोन चमचे लोणी कशाला? अर्धे करावे.

डालड्याबद्दल दोन शब्द

१९३७ साली डालडा बाजारात आला आणि पुढची कित्येक वर्षे आपल्या आई-आज्यांनी तो पिवळा डबा जपून वापरला. बेकऱ्यांनीही वापरला, कारण तो लोण्यापेक्षा स्वस्त, घट्ट आणि लवकर न बिघडणारा. गंमत अशी, की आपण चहात बुडवून खातो तो टणक 'बटर', त्यात पुष्कळदा बटरचा थेंबही नसतो. असते ते वनस्पती तूप. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट नावाचा प्रकार तयार होतो आणि तो हृदयाला लोण्यापेक्षाही वाईट, हे पुढे संशोधनातून नक्की झाले. आपल्या देशात १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर चालत नाही. म्हणजे आजचे वनस्पती पूर्वीइतके वाईट नाही. पण ते पाकिटावर सगळे छापणाऱ्या कंपन्यांचे झाले. सुटे, बिननावाचे 'बेकरी तूप' घेऊन घरच्या पावात घालण्यात काय अर्थ आहे? घरी करायचे ते आत काय जाते ते आपल्याला कळावे म्हणूनच ना?

दुकानच्या ब्रेडसारखा कापसासारखा मऊपणा घरी येत नाही म्हणून कष्टी होऊ नये. तो लोण्याचा मऊपणा नसतोच. पीठ सुधारणारी आणि मऊ राखणारी निरनिराळी द्रव्ये कारखान्यात घालतात. त्यांतले पोटॅशियम ब्रोमेट तर २०१६ साली आपल्याकडे बंदच झाले.

एकदा करून पाहा

अर्धा किलो मैदा, सपाट दीड लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, सपाट दीड लहान चमचा बारीक मीठ, ३०० मिली पाणी आणि २५ ग्रॅम लोणी. निम्मी कणीक घ्यायची असेल तर पाणी दोन-तीन चमचे जास्त लागते. एप्रिल-मेमध्ये पाणी माठातले किंवा फ्रिजचे घ्यावे आणि लोणी शेवटपर्यंत फ्रिजमध्येच ठेवावे, कारण तिशीच्या वर पारा गेला की ओट्यावरचे लोणी पाघळते. तसले पाघळलेले लोणी तेलासारखे बाहेर सुटत राहते.

वर सांगितल्याप्रमाणे मळून गोळा झाकून ठेवावा. आमच्याकडे पाऊण ते एक तासात दुप्पट होतो. घाटावर थंडीत दोन तास लागतील. घड्याळापेक्षा गोळ्याकडे पाहावे. मग चौदा गोळे करून ट्रेमध्ये जवळ जवळ लावावेत. ट्रेला तूप किंवा तेल लावावे. लोणी लावले तर त्यातला दुधाचा अंश जळून पाव चिकटतो. अर्धा-पाऊण तास पुन्हा फुगू द्यावे, वरून दुधाचा हात फिरवावा आणि आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजावेत. बाहेर काढल्याबरोबर अर्धा चमचा लोणी वरून फिरवून स्वच्छ फडक्याने झाकावे. वाफेने वरची साल मऊ होते आणि वासाने घरातली माणसे न बोलावता स्वयंपाकघरात येतात!

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये. शिरोड्याच्या पावसात तर नाहीच. आत वाफ धरली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवा डाग दिसतो. लोणी पाव मऊ ठेवते, बुरशी थांबवत नाही. आणि मऊ राहावा म्हणून फ्रिजमध्येही ठेवू नका. शिळा भात बघा ना, बाहेर गार झाला की टणक होतो आणि फ्रिजमध्ये त्याहून जास्त टणक. पावातल्या पिष्टाचेही तेच होते. उरलेले पाव दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचे असतील तर बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत आणि लागतील तसे काढून वाफेवर किंवा तव्यावर झाकण ठेवून गरम करावेत. शिळ्या भाताला वाफ दिली की तो जसा सुटतो, तसे ते पुन्हा मऊ होतात.

तूप कढवल्यावर खाली राहणारी बेरी टाकू नका. मुले साखर घालून खातात ते खरे, पण मोठा चमचाभर बेरी लोण्याबरोबर पिठात मळली तर पावाला भाजलेल्या दुधाचा असा खमंग वास येतो की विचारू नका. लोणी काढल्यावरचे ताजे ताकही निम्म्या पाण्याच्या जागी चालते.

आणि एवढे करूनही चार पाव कडक झालेच, तर त्यांचे बोटभर जाडीचे काप करावेत, दोन्ही बाजूंना बोटाने पातळ तूप लावावे, वर थोडी साखर भुरभुरावी आणि १२० अंशांच्या मंद ओव्हनमध्ये चाळीस-पन्नास मिनिटे, मधे एकदा उलटून, कोरडे होईपर्यंत ठेवावेत. चहात बुडवायला हे कुरकुरीत बटर हवाबंद डब्यात आठ-दहा दिवस टिकतात.